तळोज्यातला कच्चा कैदी : फादर स्टॅन स्वामी यांचं प्रकरण

२०१७ साली झारखंडच्या उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली. नक्षलवादी असल्याच्या आरोपाखाली राज्यातल्या तुरुंगांत किती आदिवासी कच्चे कैदी म्हणून पडून आहेत, त्यांचे खटले पुढे का सरकत नाहीत आणि ते लवकर चालवण्यासाठी सरकार काय करणार, असं त्यात विचारलं होतं. याचिका करणारे फादर स्टॅन स्वामी तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. तीन वर्षांनी ते स्वतःच कच्चे कैदी झाले. खटला उभा राहण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात न्यायालयीन कोठडीत असताना त्यांचा मृत्यू झाला.

कायद्याच्या आणि राजकारणाच्या अंगाने या प्रकरणावर पुष्कळ लिहून झालं आहे. एका कॅथलिकाला त्यात काय दिसतं, ते मला इथे मांडायचं आहे. श्रद्धा, आशा, प्रीती ही नावं आपण एका दमात घेतो. श्रद्धेवर प्रवचनं होतात, प्रीतीच्या नावाने दवाखाने आणि अनाथाश्रम चालतात. आशेचं रोजच्या जगण्यात काय करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मेल्यावर स्वर्ग मिळेल, एवढ्यावरच ती बहुधा आटोपते. फादर स्टॅन यांच्या शेवटच्या काही वर्षांत ही आशा कामाला लागलेली दिसते. पुढे कामाची सगळी साधनं काढून घेतली गेली, तेव्हा तिचं काय झालं तेही दिसतं.

बाजार आणि बगईचा

तमिळनाडूच्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यातल्या विरागलूर गावी २६ एप्रिल १९३७ रोजी त्यांचा जन्म झाला. १९५७ मध्ये ते येशूसंघात, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघात, दाखल झाले आणि पुढे आज झारखंड म्हणतात त्या मुलखात आले. साठच्या दशकात चाईबासाजवळच्या लुपुंगुटूच्या शाळेत शिकवताना ते 'हो' आदिवासी मुलांबरोबर आठवड्याच्या बाजाराला जात. बाहेरून आलेले व्यापारी तिथे आदिवासींना डोळ्यांदेखत नाडत. तरुण शिक्षकाला ते दिसत होतं, पण करता काहीच येत नव्हतं.

इथे दोन तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, कारण 'व्रतस्थ माणसाने कोर्टकचेऱ्यांत पडावंच कशाला' हा प्रश्न चर्चमधली मिस्सा (उपासना) सुटल्यावर आवारात आजही विचारला जातो. १९७१ मध्ये रोमला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने जाहीर केलं की न्यायासाठी झटणं हा शुभवर्तमान सांगण्याचाच अंगभूत भाग आहे. १९७४-७५ मध्ये येशूसंघाच्या ३२व्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायासाठीचं काम यांची सांगड घालून तेच आपलं जीवितकार्य ठरवलं. फादर स्टॅन बंगळूरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालक झाले ते १९७५ मध्येच, आणि १९८६ पर्यंत त्या पदावर राहिले. म्हणजे चारचौघांपासून वेगळ्या पडलेल्या एका फादरांचा हा छंद नव्हता. त्यांच्या संघाने हे काम ठरवून दिलं होतं आणि त्यांनी ते शब्दशः मनावर घेतलं.

पुढे ते झारखंडात परतले. २००६ मध्ये रांचीजवळ नामकुम इथे 'बगईचा' हे केंद्र उभं राहिलं. तिथल्या आवारात बिरसा मुंडांचा पुतळा आहे आणि जमिनीसाठीच्या लढ्यांत मारल्या गेलेल्या आदिवासींची नावं कोरलेली एक शिळा आहे.

बगईचातून चाललेलं बरंचसं काम कायदा समजावून सांगण्याचं होतं. राज्यघटनेची आदिवासी भागांविषयीची पाचवी अनुसूची, १९०८ चा छोटानागपूर कूळकायदा, ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा, आदिवासी भागातली जमीन खासगी खाणकंपन्यांना देण्याला आडकाठी करणारा १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा समता निकाल, २००६ चा वनहक्क कायदा. हे सगळं देशाच्या कायद्याच्या पुस्तकात होतं, गावात मात्र पोचलेलं नव्हतं. फादर स्टॅन पुन्हा पुन्हा एकच विचारत, हे कायदे तुम्हीच केलेत, मग अंमलात का आणत नाही? बंदुकीवर विश्वास असलेला माणूस असा प्रश्न विचारत बसत नाही.

अशा कामाला कधी फळही येतं. २०१६ मध्ये झारखंड सरकारने आदिवासींच्या जमिनीला संरक्षण देणाऱ्या कूळकायद्यांत दुरुस्त्या आणल्या. राज्यभर विरोध झाला. २०१७ मध्ये तेव्हाच्या राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी ती विधेयकं परत पाठवली आणि अखेर सरकारने ती मागे घेतली. हे यश असंख्य गावांचं, संघटनांचं होतं, त्यांत बगईचाचाही वाटा होता.

यादी करण्याचं काम

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा आणखी एका कामात आहे, आणि त्यात दिसायला भव्य असं काहीही नाही. बगईचाच्या गटाने नक्षलवादी म्हणून पकडलेल्या १०२ जणांच्या मुलाखती घेतल्या. अटक कुठून झाली, घरी जमीन किती, कमावतं कोण, वकील कोण दिला, त्याला किती पैसे गेले, तारखा किती पडल्या, असं सगळं माणसागणिक विचारलं. २०१६ मध्ये त्याचा अहवाल निघाला. नक्षलवाद्यांशी आपला काही संबंध नाही, असं जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं होतं. बहुतेक घरं अत्यंत गरीब होती, आणि खटल्यापायी गुरंढोरं, जमीन विकावी किंवा गहाण टाकावी लागल्याच्या कहाण्या त्यांत होत्या. सुरुवातीला म्हटलेली याचिका या कागदांतून निघाली.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. माणूस तुरुंगात गेला की गावाच्या बोलण्यातून हळूहळू निघून जातो. तारखेला जायला भाडं नसतं, मग जाणं थांबतं. वकील दाद देत नाही. तीन-चार वर्षांनी तो सुटेल असं घरच्यांनाही वाटेनासं होतं. अशा माणसाचं नाव, गाव आणि कलम लिहून घेऊन ते न्यायालयापुढे ठेवायचं म्हणजे याला अजून भविष्य आहे असं लेखी म्हणायचं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आशेवरच्या परिपत्रकात म्हटलं आहे की माणसाची प्रत्येक गंभीर, सरळ कृती ही कृतीत उतरलेली आशाच असते. ते पूर्वी मला जरा अमूर्त वाटायचं. या १०२ मुलाखतींशेजारी ठेवून वाचलं की त्याला हातपाय फुटतात.

अटक

३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला, भीमा कोरेगावात हिंसाचार झाला. मराठी वाचकाला हे नव्याने सांगायला नको. तपासाची दिशा पुढे देशभरातल्या वकील, लेखक, कार्यकर्त्यांकडे वळली. २८ ऑगस्ट २०१८ रोजी पुणे पोलिसांनी बगईचात झडती घेतली, १२ जून २०१९ रोजी पुन्हा घेतली आणि संगणक जप्त केला. २०२० च्या जानेवारीत तपास एनआयएकडे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, गेला. फादर स्टॅन यांचे बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध होते, असा आरोप होता. त्यांनी तो साफ नाकारला. भीमा कोरेगावला आपण आयुष्यात कधी गेलेलो नाही, असं त्यांनी सांगितलं.

जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये एनआयएने बगईचातच त्यांची सुमारे पंधरा तास चौकशी केली. नंतर मुंबईला या म्हणून निरोप आला. वय ८३, कंपवात आणि करोनाची साथ, म्हणून त्यांनी दूरदृश्य यंत्रणेवरून उत्तरं देण्याची तयारी दाखवली. ८ ऑक्टोबरच्या रात्री त्यांना अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला आणून नवी मुंबईतल्या तळोजा तुरुंगात ठेवलं गेलं. त्यांनी आधीच एक निवेदन चित्रित करून ठेवलं होतं. माझ्या बाबतीत घडतंय ते माझ्या एकट्याच्या बाबतीत घडत नाही, देशभर चाललेल्या प्रक्रियेचा तो भाग आहे, मी मूक प्रेक्षक नाही आणि जी काही किंमत असेल ती मोजायला तयार आहे, असा त्याचा आशय आहे. चेहरा अगदी शांत आहे. आपण सुटू, सत्याचा विजय होईल, असं आश्वासन त्यांनी कुणालाही दिलेलं नाही. मला ते फार प्रामाणिक वाटतं.

त्यांच्यावर यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायदा, लावला होता. त्याच्या कलम ४३ डी (५) नुसार आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की न्यायालयाला जामीन देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालानंतर ते 'प्रथमदर्शनी' तपासण्याची मुभाही जामिनाच्या टप्प्यावर फार आकुंचन पावली. पुरावा पारखण्याची वेळ खटल्यात येणार, आणि खटला सुरू होण्याची काही मुदत नाही. विशेष न्यायालयाने २०२० च्या ऑक्टोबरात प्रकृतीच्या कारणावरचा आणि २२ मार्च २०२१ रोजी गुणवत्तेवरचा जामीन अर्ज फेटाळला. झारखंडातल्या ज्या तरुणांसाठी त्यांनी याचिका केली होती, तेही अशाच चक्रात अडकले होते.

तेरा फूट बाय आठ फूट

कंपवातामुळे त्यांचे दोन्ही हात थरथरत, पेला धरवत नसे. दोन्ही कानांनी कमी ऐकू येई. ६ नोव्हेंबर २०२० रोजी त्यांनी न्यायालयाकडे पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मागितला. एनआयएने उत्तराला वीस दिवसांची मुदत मागून घेतली आणि २६ नोव्हेंबरला सांगितलं की आम्ही त्यांचा सिपर घेतलेलाच नाही. या मधल्या काळात देशभरातून लोकांनी तळोजा तुरुंगाच्या पत्त्यावर सिपर धाडले. ही गोष्ट सगळ्यांना आठवते, आणि आठवायलाच हवी. पण त्याच दिवसांत त्यांनी बाहेर पाठवलेल्या पत्रांकडे तितकं लक्ष गेलं नाही.

त्यांनी लिहिलं की कोठडी साधारण तेरा फूट बाय आठ फूट आहे आणि आपल्यासोबत आणखी दोन कैदी आहेत. संध्याकाळी साडेपाच ते सकाळी सहा आणि दुपारी बारा ते तीन कुलूप असतं. आपल्याला न्याहारी आणि दुपारचं जेवण घ्यायला याच प्रकरणातले सहआरोपी अरुण फरेरा मदत करतात, अंघोळ घालायला दुसरे सहआरोपी व्हर्नन गोन्साल्विस. कोठडीतले दोघे रात्रीच्या जेवणाला मदत करतात, कपडे धुतात, गुडघे चोळून देतात. ते दोघे फार गरीब घरचे आहेत, त्यांची प्रार्थनेत आठवण ठेवा. आणि शेवटी, एवढं सगळं असूनही तळोज्यात माणुसकी उसळते आहे.

तुरुंगात शंभर दिवस झाल्यावर, जानेवारी २०२१ मध्ये, आणखी एक पत्र आलं. या शंभर दिवसांत आपल्याला बळ मिळालं ते कच्च्या कैद्यांची स्थिती पाहून, असं त्यांनी लिहिलं. कित्येकांना आपल्यावर आरोप काय आहेत हे माहीत नाही, आरोपपत्र पाहिलेलं नाही, वर्षानुवर्षं कुणाची कायदेशीर मदत नाही. तरी एकमेकांना हात देणं इथेही जमतं. पिंजऱ्यातला पक्षीही गाऊ शकतो, आणि आम्ही एकसुरात गाणारच, हा त्यातला शेवट पुढे फलकांवर छापला गेला. मला त्याच्या आधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. ८३ वर्षांचा आजारी माणूस कोठडीत बसून तेच करतो आहे जे त्याने झारखंडात केलं. आजूबाजूचे कोण, त्यांच्यावर काय बेतलं आहे, ते पाहून लिहून ठेवतो आहे. याचिका करायला आता हात चालत नव्हते, इतकाच फरक.

२१ मे २०२१

मुंबई उच्च न्यायालयापुढे जामिनाचं अपील होतं. सुटीतल्या खंडपीठाने २१ मे रोजी त्यांना दूरदृश्य यंत्रणेवरून समोर आणलं. त्यांनी सांगितलं की तळोज्यात आलो तेव्हा माझ्या शरीराची सगळी यंत्रणा चालू होती. मी स्वतः चालत होतो, अंघोळ करत होतो, थोडं लिहीत होतो. एकेक करून हे सगळं जात चाललं आहे. न्यायालयाने जे. जे. रुग्णालयात हलवू का असं विचारलं. त्यांनी नको म्हटलं. त्यापेक्षा मी इथेच सोसेन, असंच चालू राहिलं तर लवकरच मरेनही, पण मला माझ्या माणसांत जायचं आहे, अंतरिम जामीन द्या.

हा आशा सुटलेल्या माणसाचा आवाज आहे का? काही भाविकांना तसं वाटलं. धर्मगुरूने न्यायालयापुढे मरणाची भाषा करावी, हे त्यांना खटकलं. मी हे बोलणं अनेकदा वाचलं आहे आणि माझं मत उलट झालं आहे. आपण बरे होऊ हा अंदाज त्यांनी सोडला होता, आणि तो अंदाज चूक नव्हता. त्यांनी काय मागितलं ते पाहावं. उपचारांची यादी त्यात नाही, आपली माणसं आहेत. रोमकरांस पत्रात संत पौल म्हणतो की जे डोळ्यांना दिसतं त्याची कुणी आशा धरत नाही, जे दिसत नाही त्याचीच आपण धीराने वाट पाहतो. त्या दिवशी पडद्यावरच्या म्हाताऱ्याला सुटकेचं चिन्ह कुठेच दिसत नव्हतं. तरीही आपण कुणाचे आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि न्यायालयापुढे त्याने तेवढंच धरून ठेवलं. अटकेच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशूनेही आपल्या माणसांना जागं राहायला सांगितलं होतं.

पुढे मात्र त्यांनी आपलं म्हणणं बदललं, आणि हेही नोंदवायला हवं. २८ मे रोजी न्यायालयाच्या आदेशाने त्यांना होली फॅमिलीत हलवण्यात आलं, त्याला त्यांनी संमती दिली. मरण पत्करायचा हट्ट त्यांना नव्हता. तिथे करोना झाल्याचं आढळलं. ४ जुलैच्या पहाटे हृदय बंद पडलं, कृत्रिम श्वास दिला गेला. ५ जुलैला दुपारी जामिनाची सुनावणी सुरू असतानाच त्यांचे वकील मिहीर देसाई आणि रुग्णालयाचे डॉक्टर यांनी न्यायालयाला सांगितलं की १ वाजून २४ मिनिटांनी त्यांचं निधन झालं आहे. ६ जुलैला वांद्र्याच्या सेंट पीटर चर्चमध्ये मिस्सा झाली. करोनाच्या नियमांमुळे दफनाऐवजी दहन झालं आणि अस्थी झारखंडला गेल्या. आपल्या माणसांत ते असे पोचले.

ख्रिस्तसभा आणि आपण

येशूसंघ पहिल्या दिवसापासून त्यांच्यामागे उभा राहिला. भारतीय बिशपांच्या परिषदेने सुटकेची मागणी केली. जानेवारी २०२१ मध्ये तीन कार्डिनल पंतप्रधानांना भेटले तेव्हाही हा विषय निघाला. झेवियर्स कॉलेजचे माजी प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हास रुग्णालयात त्यांच्याजवळ होते, आणि मृत्यूनंतर फादर स्टॅन यांच्या नावावरचा आरोप पुसला जावा म्हणून त्यांनीच उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०२२ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने बचाव पक्षासाठी केलेला तांत्रिक अहवाल प्रसिद्ध झाला. फादर स्टॅन यांच्या संगणकात बाहेरून शिरकाव करून फायली ठेवल्या गेल्या आणि जप्तीच्या आदल्या रात्री माग पुसण्याचा प्रयत्न झाला, असं त्यात म्हटलं आहे.

या सगळ्यासाठी कृतज्ञता आहेच, पण एक गोष्ट मला टोचत राहते. तळोजा मुंबई महाधर्मप्रांताच्या अंगणातच आहे. आपल्यातला एक फादर तिथे गेला, तेव्हा आपल्या बहुसंख्य धर्मग्रामांना (पॅरिशना) तिथे हजारो कच्चे कैदी आहेत याची जाणीव झाली. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन खटला न संपलेले आहेत. तुरुंगांत सेवा करणाऱ्या प्रिझन मिनिस्ट्री इंडिया या संस्थेचे स्वयंसेवक त्यांच्यात वर्षानुवर्षं जातात, आपण मात्र त्यांना फार तर नाताळाचा केक देऊन पाठवतो. मी तुरुंगात होतो आणि तुम्ही माझ्याकडे आला, हे शब्द येशूने म्हटले तेव्हा तो निर्दोष कैद्यांपुरता बोलला नव्हता.

पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या ज्युबिली, म्हणजे पवित्र, वर्षाला आशेचं वर्ष केलं आणि २६ डिसेंबर २०२४ रोजी रोमच्या रेबिबिया तुरुंगात पवित्र द्वार उघडलं. सरकारांनी कैद्यांना माफी किंवा सूट द्यावी, असंही त्यांनी मागितलं. ज्युबिलीच्या यात्रा आपल्याकडे उत्साहाने निघाल्या. तुरुंगाच्या दाराशी त्यांतली एखादी तरी जायला हवी होती.

यूएपीएचे खटले सामान्य धर्मग्रामाच्या आवाक्यात नाहीत, त्यांना निष्णात वकील लागतात. पण किरकोळ गुन्ह्यांत अडकलेले, जामीन मंजूर होऊनही काही हजार रुपये किंवा जामीनदार नाही म्हणून आतच राहिलेले लोक प्रत्येक जिल्हा कारागृहात असतात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ जुलै २०२४ पासून लागू आहे. पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, इतरांनी निम्मा, तर त्यांची सुटका व्हायला हवी आणि त्यासाठीचा अर्ज तुरुंग अधीक्षकाने करायचा आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे त्यात येत नाहीत, एकाहून जास्त खटले असले तरीही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या खटल्यांनाही लागू केलं आहे. कोठडीतल्या प्रत्येकाला फुकट वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. प्रत्येक जिल्ह्यात कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती असते आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव तिच्यात बसतात. आपल्या धर्मग्रामातला एखादा वकील, दोन निवृत्त शिक्षक आणि जामीन राहायला तयार असलेली चार कुटुंबं एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पहिलं पत्र त्या सचिवांच्या नावे लिहायचं, आणि त्यात विचारायचं की कलम ४७९ खाली सुटायला हवेत असे किती जण आज आपल्या जिल्ह्यात आत आहेत.